खाली न बघता

नऊ वर्षं टायपिंग करणाऱ्या बाईला कुणी खुर्चीत बसायला शिकवू लागलं, तर तिला राग येईल की नाही, तुम्हीच सांगा. उत्तराला आला. नुसता आला नाही, तळपायाची आग मस्तकाला गेली. धारवाडात, सप्तापूरच्या जिन्याखालच्या खोलीतल्या टायपिंग क्लासात, सकाळी सात वाजता, कॉलेजच्या पोरींच्या ओळीत तिला बसवून मालतीबाई म्हणाल्या, "हात मांडीवर ठेव. पाच दिवस बटणांना शिवायचं नाही. आधी बसायला शीक."

"बाई, मला टायपिंग येतं," उत्तरा म्हणाली.

"येतं? मग मनगटाला पट्टा कशाला बांधलायस?"

पोरी फिदीफिदी हसल्या. उत्तरानं दातावर दात दाबले आणि हात मांडीवर ठेवले.

उत्तरा म्हणजे बाळाचार्य वकिलांची मुलगी. नाव भटजीचं आणि अंगात काळा कोट, असं धारवाडच्या कोर्टात अप्पांना चिडवत, आणि अप्पांना ते आवडे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. पगारी टायपिस्ट एकही टिकला नाही, म्हणून नऊ वर्षांपूर्वी ते काम उत्तराकडं आलं. हातात टिपणांचा कागद धरून अप्पा समोर येरझारा घालायचे, मजकूर सांगायचे, आणि उत्तरा कॉम्प्युटरवर तो दोन बोटांनी उतरवायची. मान खाली, डोळे बटणांवर, कोंबडी दाणे टिपते तशी. पण वेग होता बरं का, मिनिटाला तीस शब्द. कानडी सांगा, इंग्रजी सांगा, तिचं अडत नसे. वय चौतीस. लग्नाचं जमलं नाही, का जमलं नाही तो विषय वेगळा. उजवं मनगट गेल्या पावसाळ्यापासून सुजत होतं आणि पहाटे बोटांना मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बजावलं, हात वापरायची पद्धत बदला, नाहीतर हात जाईल.

हे झालं क्लासचं घरी सांगायचं कारण. खरं कारण तिनं पोटात ठेवलं होतं. कोर्टात टायपिस्टच्या जागा निघाल्या होत्या. दहा मिनिटांची इंग्रजीची चाचणी, मिनिटाला चाळीस शब्द, सहा आठवड्यांनी. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला अर्जच करता आला नसता. म्हणजे ह्या खेपेला झालं तर झालं, नाहीतर ती खोली आणि अप्पांच्या येरझारा, जन्मभर.

मालतीबाईंना मात्र तिनं सगळं सांगितलं होतं. त्यांना सांगावंच लागतं, ती बाई माणसाच्या पाठीच्या कण्यावरून पोटातलं ओळखते. चाळीस वर्षं क्लास चालवलेला. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, तरी बाईंचे नियम तेच. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं घरून एक पंचा आणि दोन लिंबं आणायची. पंचा कशाला, तर हातांवर पांघरायला, म्हणजे बटणं दिसायची नाहीत. लिंबं कशाला, तर तळहाताखाली ठेवायला. बोटं वळलेली हवीत, मनगट टेबलावर लोळायला नको. लिंबू दबलं की बाईंचा आवाज चढला.

"कोपर अंगाजवळ. पाय दोन्ही जमिनीवर, पाऊल पूर्ण टेकव. मान वर. काय बघतीस खाली? तिथं काय पडलंय?"

सहाव्या दिवशी हात बटणांवर आले. डाव्या हाताचं पहिलं बोट त्या बारीक उंचवट्याच्या बटणावर, उजव्याचं दुसऱ्या उंचवट्यावर, बाकीची बोटं शेजारी ओळीनं. ए एस डी एफ जी एफ. सेमीकोलन एल के जे एच जे. तेच ते, तेच ते, पहिलीतली पोरं पाढे म्हणतात तसं. करंगळीला ताकद नाही, ती शेजारच्या बोटाला घेऊन पडायची. तीस शब्दांची बाई आठ शब्दांवर आली. शेजारची अठरा वर्षांची पोरगी बारावर होती आणि गालात हसत होती. उत्तराला वाटलं, उठून पंचा बाईंच्या तोंडावर फेकावा.

"आणि ऐक," बाई म्हणाल्या, "घरी जाऊन जुन्या हातानं एक अक्षर मारायचं नाही. एक दिवस जरी मारलंस तरी मला सकाळी कळतं. मारायचं असेल तर इथं येऊ नकोस. मला पालथ्या घड्यावर पाणी घालायला वेळ नाही."

"घरी अप्पांचं काम असतं, बाई."

"मग अप्पांना सांग, हळू होईल."

सांगायला काय जातंय! मालतीबाईंना कुठं त्यांच्यासमोर बसायचं होतं.

घरची दुसरी गोम म्हणजे ते स्टूल. उंच, लाकडी, बिनपाठीचं, वर बसलं की पाय लोंबकळतात. खोलीत एक चांगली खुर्ची होती, वरखाली होणारी, हात टेकायला असलेली, पण ती पक्षकारांची. वकिलाच्या घरी पक्षकार म्हणजे देव. देव खुर्चीत आणि घरची मुलगी स्टुलावर, ही अप्पांची रीत, आणि आजवर त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. उत्तरालाही नाही. पाच दिवस पाऊल जमिनीला टेकवून बसल्यावर मग खटकलं.

त्या दिवशी अळणावरकडचा गोपाळ आला होता. बांधाच्या भांडणाचा दावा, तीन वर्षं चाललेला. तो नेहमीप्रमाणे खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसला होता.

उत्तरा म्हणाली, "गोपाळण्णा, तुम्ही जरा ह्या स्टुलावर बसाल का? मला ती खुर्ची पाहिजे."

अप्पांच्या येरझारा थांबल्या. "काय? पक्षकाराला स्टुलावर बसवतीस?"

"स्टुलावरून माझा कोपर वर राहतो, अप्पा. मनगट मोडतं."

"नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या आईनं चौदा वर्षं टायपिंग केलंय ह्याच स्टुलावर बसून. एका शब्दानं तक्रार नाही."

गोपाळ कधीच उठून उभा राहिला होता. "अक्का बसू दे की, साहेब. काम अक्काचं. मी काय, नुसता ऐकणार." आणि तो स्टुलावरही बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला, संपेपर्यंत. त्याच्याकडं बघून उत्तराला लाज वाटली आणि लाजेचा पुन्हा राग आला. खुर्ची तिनं खाली घेतली, पाय टेकले, हात मधल्या ओळीवर ठेवले आणि म्हणाली, "हं, सांगा."

एका पानाला सव्वा तास लागला. अप्पांचं तोंड लाल झालं, पण पक्षकारासमोर ते बोलले नाहीत. गोपाळ दाराबाहेर पडल्याबरोबर सुरू झाले. "हे काय चालवलंयस? क्लासला जाऊन माणसं पुढं जातात का मागं? येत होतं तेही घालवून आलीस. त्या मालतीला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. उद्यापासून हे नखरे बंद."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांना माझ्या तारखा माहीत आहेत?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची जागेवर आणि स्टूल टेबलापाशी. उत्तरानं ते बदललं. अप्पांनी परत बदललं. महिनाभर रोज हाच खेळ, तोंडानं एक शब्द नाही, नुसते फर्निचरचे आवाज. कामं तुंबली, अप्पा दोन अर्ज बाहेरून करून घेऊन आले आणि टेबलावर आपटले. उत्तरा जुन्या हाताला गेली नाही. किती वेळा वाटलं, चार ओळी भरभर टिपाव्यात आणि ह्यांचं तोंड बंद करावं! पण मग सकाळी मालतीबाईंचं तोंड उघडलं असतं.

चौथ्या आठवड्यात ती अठ्ठावीसवर आली. त्या खुशीत क्लास सुटल्यावर बाईंना म्हणाली, "आमच्या अप्पांची एक गंमत सांगू? म्हणतात, आईनं त्याच स्टुलावर चौदा वर्षं काढली, एका शब्दानं तक्रार नाही."

मालतीबाई पंच्यांच्या घड्या घालत होत्या. त्या थांबल्या.

"तक्रार नाही? वेणूबाई आली होती माझ्याकडं. तू कडेवर होतीस तिच्या. चार दिवस आली. कोपऱ्यातल्या त्या जागेवर बसायची, तुला मांडीवर घेऊन पाठ ताठ ठेवायची. म्हणाली, बोटं बधिर होतात, काहीतरी शिकवा. पाचव्या दिवशी तुझे अप्पा जिन्यात येऊन उभे. टायपिंग येतंय तिला, म्हणाले, तुम्ही बसायला काय शिकवताय? घेऊन गेले. परत आली नाही."

उत्तरानं कोपऱ्यातल्या त्या जागेकडं बघितलं.

"कसे आहेत तिचे हात आता?" बाईंनी विचारलं.

आईचे हात कसे होते ते सगळ्या घराला माहीत होतं. अंगठ्याच्या बुडाशी मांस उरलेलं नव्हतं. तांब्या सुटायचा. जोंधळ्याची भाकरी थापणं पंधरा वर्षांपूर्वी बंद झालं, धुणं पिळणं त्याआधीच. आणि ह्या शहाण्या घरानं त्याला काय म्हटलं? वात. किती तेलं झाली, किती लेप झाले, बिब्ब्याचे डाग झाले, आईनं तीन वर्षं मंगळवार धरले. बाळंतपणात वारं लागलं असेल, असं येणारी प्रत्येक बाई सांगून गेली. चौदा वर्षं टाइपरायटर बडवलेल्या बाईचे हात गेले, आणि घरातल्या एकालाही टाइपरायटर आठवला नाही. उत्तरालाही नाही. स्वतःच्या मनगटाला पट्टा बांधून ती रोज आईच्या हाताला तेल चोळत होती आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

घरी आली तेव्हा आई चमच्याच्या मागच्या टोकानं लसूण सोलत होती.

"आई, तू मालतीबाईंकडं जात होतीस?"

"चार दिवस गेले असेन," आई म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं गं? सगळे म्हणाले वात. मलाही वातच वाटला."

"सुरुवातीला वाटला असेल. आता माझी बोटं बधिर होतात म्हटल्यावर? मला त्याच स्टुलावर बसलेली नऊ वर्षं बघत होतीस की तू. एकदा तरी म्हणायचंस, ऊठ तिथनं."

आईनं लसणाकडं बघितलं. मग म्हणाली, "तुझ्या अप्पांचं काम अडलं असतं."

उत्तराला अप्पांचा आला नव्हता एवढा राग त्या क्षणी आईचा आला. तिनं लसणाची परडी ओढून घेतली, सगळा लसूण सोलून टाकला आणि जेवायला बसली नाही. अप्पांशी भांडता येतं हो. जी बाई आपले हात देऊन बसली आणि वर काम अडेल म्हणते, तिच्याशी कसं भांडायचं?

त्यानंतर तिला लिंबू लागलं नाही आणि पंचाही लागला नाही. रागानं बोटं अडखळतात, असं मालतीबाई सांगायच्या. उत्तराची सुटली. पाचव्या आठवड्यात छत्तीस, सहाव्यात बेचाळीस. बाईंनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "मान अजून एक बोटभर वर."

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं अप्पांना सांगितलं. अप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. त्यामागूनच आवाज आला, "जा की. मी कुठं अडवलंय?"

इतक्या सहज सुटका होईल असं तिला वाटलं नव्हतं. झालीही नाही. सकाळी ती साडी नेसून, पिना लावून तयार झाली तर अप्पा पुढच्या खोलीत कागद घेऊन उभे. "साडेदहाला आहे ना तुझं? आता कुठं साडेआठ होतायत. गोपाळच्या दाव्यात एवढा एक अर्ज आज गेला पाहिजे. दोन पानं. त्या बिचाऱ्याचं नुकसान व्हायला नको."

गोपाळचं नाव काढल्यावर काय बोलणार? पावणेदहाला निघालं तरी रिक्षानं पोचता येत होतं. तिनं खुर्ची ओढली, बसली, हात ठेवले. अप्पा खिडकीपाशी उभे राहून सांगू लागले आणि ती घेऊ लागली.

आता बघा, नऊ वर्षांत तिनं अप्पांना काम सांगताना कधी बघितलंच नव्हतं. ऐकलं होतं. दिसायच्या त्या फक्त त्यांच्या चपला, समोरून जायच्या आणि यायच्या, कारण तिचे डोळे बटणांवर असायचे. आज हात आपले आपण चालले होते. डोळे मोकळे होते. आणि मोकळे डोळे माणूस समोर असेल तिथंच जातात.

दोन पानं नऊला झाली. अर्ज चांगला होता, मुद्देसूद, अप्पांच्या हातचा. "अजून एक परिच्छेद," अप्पा म्हणाले. तो झाला. "आणखी एक घे." तोही झाला. सव्वानऊ. उत्तरा त्यांच्या तोंडाकडं बघत टाइप करत होती आणि तिला कळेना, हे कागदाकडं का बघत नाहीत. कागद छातीपाशी धरलेला, आणि नजर तिच्या डोक्यावरून पलीकडं. तिच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. एक वाक्य सांगायचे, घड्याळाकडं बघायचे, मग दुसरं सांगायचे.

साडेनऊ. अप्पा जरा वळले आणि खिडकीतलं ऊन त्यांच्या हातातल्या कागदातून आरपार आलं. त्यावर एक अक्षर नव्हतं.

तिची बोटं थांबली नाहीत, ती एक गंमतच. "वादीचे असे नम्र म्हणणे आहे की," अप्पा इंग्रजीत सांगत होते आणि बोटं ते घेत होती. चौथ्या परिच्छेदातलंच म्हणणं होतं ते. शब्द फिरवून तिसऱ्यांदा. वाक्य पूर्ण झालं, तिनं टिंब दिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"का थांबलीस?"

"तुमच्या हातातला कागद कोरा आहे, अप्पा."

अप्पांनी कागदाची घडी घातली. "मला तोंडपाठ आहे सगळं."

"मग धरलाय कशाला?"

ते बोलले नाहीत. उत्तरा बोलली. आवाज चढवला नाही तिनं, मालतीबाईंच्या क्लासात जसं ताठ बसायची तसंच बसून बोलली. "दोन पानांचा अर्ज होता. तो नऊलाच संपला. त्यानंतर तुम्ही घड्याळाला मजकूर सांगताय. नको जाऊस म्हणाला असतात तर भांडले असते, रडले असते, पण तुम्हाला मानलं असतं. गोपाळचं नाव कशाला घेतलंत? तो माणूस माझ्यासाठी सव्वा तास उभा राहिला होता. आईला जिन्यातनं ओढून आणलंत तेव्हा निदान तोंडानं बोलला होतात. मला ह्या असल्या कागदानं अडवता? मला लाज वाटते तुमची."

अप्पा मटकन त्या स्टुलावर बसले. त्यांचे पाय लोंबकळले. कोर्टात समोरच्याला घाम फोडणारा माणूस, त्याचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"तू गेल्यावर माझं कोण करणार?"

तिला दया यायला हवी होती. थोडी आलीही, आणि तिचाच तिला संताप आला, कारण ह्या दयेवरच तर हे घर चाललं होतं. ती तोंड उघडणार तोच स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला.

"चौदा वर्षं मी केलं. नऊ वर्षं हिनं." वेणूबाई दारात उभी होती. नवऱ्यासमोर तिला एवढं बोलताना उत्तरानं ऐकलं नव्हतं, आणि अप्पांनीही नसेल. "तुमचे दोन्ही हात अजून धड आहेत की."

अप्पांनी हातांकडं बघितलं. कोरा कागद अजून एका हातात होता.

उत्तरानं तिसरं पान खोडून टाकलं, दोन पानं छापून टेबलावर ठेवली आणि पर्स उचलली. आईजवळून जाताना ती थांबली.  आईनंच तिला खांद्यानं पुढं ढकललं, हातानं तिला जमत नव्हतं. "जा, उशीर होतोय."

दहा वाजून वीस मिनिटांनी ती आपल्या नंबरच्या जागेवर बसली होती. राग उतरला नव्हता, उतरायचं कारणही नव्हतं. घंटा झाली. समोर ठेवलेल्या उताऱ्यावर तिनं डोळे लावले आणि दहा मिनिटं ते तिथून हलवले नाहीत.